‘पाळल्यामुळे’ या शब्दाची उलटतपासणी

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या संशोधन आराखड्याचा पहिला मसुदा गाईड मॅडमना दिला. शीर्षक असं होतं: ‘उपचारयोजना काटेकोरपणे पाळल्यामुळे गंभीर भाजलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात होणारी सुधारणा’. आठवड्याने कागद परत आले. बावीस पानांत मॅडमनी कुठेच फारसं पेन चालवलं नव्हतं. फक्त शीर्षकातल्या ‘मुळे’भोवती लाल गोल होता आणि शेजारी तीन शब्द: हे कसं दाखवणार?

खरं सांगते, मला राग आला होता. दाखवायचं काय त्यात? भाजलेल्या माणसाने ड्रेसिंग वेळेवर केलं, व्यायाम केले, स्प्लिंट बांधला, प्रेशर गारमेंट घातलं, तर तो लवकर सावरणार. नाही केलं तर नाही. पथ्य पाळलं की गुण येतो, हे आजीसुद्धा सांगते. मग पीएच.डी.ला त्यावर वेगळं काय करायचं राहिलं?

हा लेख त्या लाल गोलाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसले असतील. विषय भाजलेल्या रुग्णांचा नसेल, मधुमेहाचा असेल, क्षयाचा असेल, नाहीतर शाळेतल्या उपस्थितीचा. पण ‘अमुक नियमित केल्यामुळे तमुक सुधारते’ या साच्याचं शीर्षक तुमच्या वहीत असण्याची शक्यता मोठी आहे. असे पेपर मी शेकड्याने वाचलेत आणि तसाच एक लिहिणारही होते. त्यामुळे ही टीका कुणा परक्यावर नाही.

आधी विषय समजून घेऊ. खोल भाजल्यावर जीव वाचणं हा पहिला टप्पा. त्यानंतरची लढाई वर्ष-दीड वर्षाची असते, आणि ती बहुतेक घरीच लढायची असते. जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले की तिथे जाड, लालसर, उठावदार व्रण तयार होण्याचा धोका बराच वाढतो. हा हायपरट्रॉफिक स्कार. तो खाजतो, ओढतो. सांध्यावर असेल तर सांधा आखडतो, त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. फिजिओथेरपीवाले एक वाक्य नेहमी सांगतात, की ज्या स्थितीत आराम वाटतो तीच आखडण्याची स्थिती असते. मान भाजली असेल तर उशी घेऊन हनुवटी खाली टेकवावीशी वाटते, आणि मान त्याच जागी धरून बसते. कोपर दुमडून ठेवावंसं वाटतं, ते दुमडलेलंच राहतं. म्हणजे रुग्णाला सारखं जे नको वाटतं तेच करायला सांगावं लागतं. ‘उपचारयोजना पाळणे’ या कोरड्या शब्दांत इतकं सगळं बसवलेलं असतं.

त्यातलं सगळ्यात जाचक प्रकरण म्हणजे प्रेशर गारमेंट. मापाने शिवलेला, अंगाला घट्ट बसणारा लवचिक कपडा. व्रणावर साधारण 25 मिलिमीटर पारा इतका दाब यावा अशी अपेक्षा असते. दिवसाचे 23 तास घालायचा, अंघोळ आणि मालिश यांच्यापुरता काढायचा, व्रण परिपक्व होईपर्यंत, म्हणजे बहुधा 12 ते 18 महिने. इलॅस्टिक सैल पडतं म्हणून दोन-तीन महिन्यांनी नवा शिवायचा. एक धुवायला टाकला की दुसरा हवा, म्हणून दोन लागतात. वैशाखात परभणीत हे वाचून बघा.

परभणीचं नाव उगाच नाही आलं. माझी मामी तिथल्याच एका गावातली. मी सातवीत होते तेव्हा पंपाचा स्टोव्ह भडकून तिची मान, छाती आणि उजवा हात भाजला. त्या कपड्याला घरात सगळे ‘जॅकेट’ म्हणायचे. ते एकच होतं. मामी ते फारसं घालत नसे. पुढे तिची मान एका बाजूला ओढली गेली ती गेलीच. घरातल्या प्रत्येकाने तिला कधी ना कधी ऐकवलं, ‘तू जॅकेट घातलं असतंस तर.’ मीही ऐकवलं, सातवीतल्या पोरीने. तिच्या केसपेपरवर एक ओळ होती: रुग्ण उपचारास सहकार्य करत नाही. माझ्या आराखड्यातलं ते ‘मुळे’ कुठून आलं होतं, हे मला लाल गोल पाहिल्यावर कळलं. ते संदर्भग्रंथांतून आलेलं नव्हतं.

आता या साच्यातला पेपर कसा असतो ते बघू. बर्न्स ओपीडीत येणारे रुग्ण घ्यायचे. त्यांना विचारायचं, गारमेंट किती तास घालता, व्यायाम किती करता? त्यावरून ‘पालन चांगलं’ आणि ‘पालन कमी’ असे दोन गट पाडायचे. मग व्रणाची तपासणी करायची, जीवनमानाची प्रश्नावली भरून घ्यायची. चांगलं पाळणाऱ्यांचे गुण चांगले येतात, पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली जाते, आणि निष्कर्षात लिहिलं जातं की पालन वाढवल्यास परिणाम सुधारतील, सबब रुग्णांचं समुपदेशन करावं.

यातली पहिली गडबड अशी की पाळणारे आणि न पाळणारे हे दोन गट आपण पाडलेले नाहीत. आयुष्याने पाडलेत. ज्याचं 15 टक्के अंग वरवर भाजलंय आणि ज्याचं 45 टक्के खोल भाजलंय, त्यांच्याकडून व्यायाम सारखाच होईल? ज्या बाईला घरी हात धरून व्यायाम करवणारं माणूस आहे आणि जिला डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसावं लागतं, त्या दोघींच्या पालनात फरक असणारच. आणि पालनाचा संबंध बाजूला ठेवला तरी त्यांच्या बरं होण्यातही फरक असणार. आहार, संसर्ग, ग्राफ्ट वेळेवर झाला की नाही, घरातलं वातावरण, जळीत अपघाताने झालं की आणखी कशाने, हे सगळं दोन्हीकडे हात घालून बसलेलं असतं. याला आपण कन्फाउंडर म्हणतो. सिनॉप्सिसमध्ये आपण लिहितो ‘वय व लिंग यांसाठी समायोजन केले जाईल’ आणि सुटलो असं समजतो.

हे किती फसवं असू शकतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण भाजण्याचं नाहीच, हृदयविकाराचं आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावं असं माझं मत आहे, एरवी मी पाठांतराच्या विरोधात असले तरी. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची अमेरिकेतली मोठी चाचणी होती. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे औषध देऊन पाहिलं आणि दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांत औषधाच्या गटात 20.0 टक्के दगावले, प्लासिबोच्या गटात 20.9 टक्के. म्हणजे औषधाचा उपयोग नाही. पण मग कुणीतरी औषधाच्या गटातच आत डोकावून पाहिलं. ज्यांनी 80 टक्के किंवा जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात मृत्यू 15.0 टक्के, ज्यांनी कमी घेतल्या त्यांच्यात 24.6 टक्के. बघा, नियमित घेतलं की औषध काम करतं! आपला साच्यातला पेपर इथे संपला असता.

त्यांनी मात्र तीच विभागणी प्लासिबोच्या गटातही केली. नियमित घेणाऱ्यांत मृत्यू 15.1 टक्के. अनियमित घेणाऱ्यांत 28.3 टक्के.

जिच्यात काहीच नाही ती गोळी नेमाने घेणारे जास्त जगले. हे 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. सुरुवातीच्या 40 घटकांसाठी समायोजन केलं तरीही प्लासिबो गटातला फरक 16.4 विरुद्ध 25.8 टक्के असा उरलाच. म्हणजे गोळ्या नेमाने घेणं ही त्या माणसाबद्दलची दुसरीच कुठलीतरी खूण होती. तो बाकीच्या गोष्टीही नेमाने करत असेल, त्याची तब्येत मुळात बरी असेल, त्याच्या डोक्यावर कमी ओझी असतील. यालाच पुढे निरोगी पाळणाऱ्यांचा परिणाम असं म्हणायला लागले. 2006 साली बीएमजेमध्ये सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी 21 अभ्यास एकत्र करून पाहिले, तिथेही तेच. उपयुक्त औषध नेमाने घेणाऱ्यांत मृत्यूचा ऑड्स रेशो 0.55, आणि प्लासिबो नेमाने घेणाऱ्यांतही 0.56. आपल्याकडे म्हणतात ना, औषधावाचून खोकला गेला. इथे शब्दशः तसं झालं.

एक गोष्ट जोडते, नाहीतर चुकीचा धडा घ्याल. मरे आणि हर्नान यांनी 2016 मध्ये याच जुन्या डेटावर नव्या पद्धती लावल्या, तेव्हा प्लासिबो गटातला तो फरक बराच खाली आला. म्हणजे ‘पालन’ ही काही गूढ शक्ती नव्हती. मोजता येणारी, काळाबरोबर बदलणारी कारणं होती, आधी ती नीट हाताळली गेली नव्हती. मला हे वाचून धीर आला. बांधता येतं, फक्त ‘वय व लिंग’ एवढ्या दोरीने नाही.

भाजलेल्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो हृदयविकारात इतका ठळक नसतो. इथे बाण उलटाही फिरतो. ज्याचा व्रण मऊ, सपाट होत चाललाय तो म्हणतो, कशाला घालायचा हा कपडा, आणि काढून टाकतो. कधी थेरपिस्टच म्हणतो की आता पुरे. ज्याचा व्रण वाढतच चाललाय तो घाबरून 23 तास घालतो. अशा वेळी चांगलं पाळणाऱ्यांचे व्रण जास्त वाईट दिसतील! म्हणजे एक पूर्वग्रह आकडा वर ढकलतोय आणि दुसरा खाली. शेवटी जो आकडा हातात येतो तो या ढकलाढकलीतून उरलेला. त्याला ‘पालनाचा परिणाम’ हे नाव कुठल्या तोंडाने द्यायचं? शिवाय व्रण आपसूकही परिपक्व होतो, साधारण त्याच वर्ष-दीड वर्षात, ज्यात गारमेंट घालायला सांगतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसं.

मोजमापाकडे येऊ. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटले.

प्रेशर गारमेंटबद्दलच्या लेखनात 41 टक्के हा आकडा वारंवार भेटतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात इतके रुग्ण सांगितल्याप्रमाणे गारमेंट घालत असल्याचं नोंदलं होतं. पुढच्या अनेक पेपरांच्या प्रस्तावनेत तो असा उतरवला जातो, जणू तो मानवजातीचा स्थिरांक आहे. आकडा ज्या काळातला, ज्या देशातला, ज्या कापडाचा आहे, ते सगळं गळून पडतं. तुमच्या प्रस्तावनेत असा आकडा टाकण्याआधी मूळ पेपर उघडा आणि ‘पालन’ कशाला म्हटलंय ते बघा. वाक्य दोन मिनिटांत उतरतं, व्याख्या शोधायला अर्धा तास लागतो, म्हणून कुणी शोधत नाही.

आता मामीचं पालन मोजा. फॉलोअपच्या दिवशी ती पहाटेच्या एस.टी.ने शहरात यायची. जॅकेट पिशवीत असायचं. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन, आईची मदत घेऊन, ती ते अंगावर चढवायची आणि मग दवाखान्यात जायची. मी दोनदा सोबत गेले होते, पिशवी माझ्याच हातात होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘घालता ना?’ ती म्हणाली, ‘हो.’ अंगावर होतंच ते. त्या दिवशी माझ्यासारखं कुणी संशोधक तिथे फॉर्म घेऊन उभं असतं तर मामी ‘पालन चांगलं’ या रकान्यात गेली असती. गोळ्यांवर काम करणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक आहे, तारीख जवळ आली की डोस नियमित होतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास म्हणा ना.

मग केसपेपरवरची ती ‘सहकार्य करत नाही’ ही ओळ कधी आली? मान आखडलेली दिसल्यावर. म्हणजे परिणाम आधी पाहिला आणि त्यावरून पालन ठरवलं. असे केसपेपर चाळून कुणी नंतर रेकॉर्डवरचा अभ्यास केला, तर पालन आणि परिणाम यांचा संबंध झकास निघेल. निघणारच, कारण एक दुसऱ्यावरून लिहिलेलं आहे.

परिणामाच्या मोजमापातही अशीच एक गुंतवळ आहे. व्रणासाठी व्हँकुव्हर स्कार स्केल खूप वापरलं जातं. त्यात रंग, रक्ताळलेपणा, लवचिकता आणि उंची बघतात. तपासणाऱ्याला आधीच माहीत असेल की हा रुग्ण कपडा घालतो, तर त्याची बोटं थोडी उदार होतात. तो लबाड आहे म्हणून नाही, माणूस आहे म्हणून. शिवाय त्या स्केलमध्ये खाज आणि वेदना यांना जागाच नाही, आणि रुग्णाला विचाराल तर तो पहिलं खाजेचंच सांगेल. नंतर आलेल्या पोसास या मापनात रुग्णाचं मतही घेतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

जीवनमानासाठी बर्न स्पेसिफिक हेल्थ स्केलची संक्षिप्त आवृत्ती असते, 40 प्रश्नांची. मीही तीच निवडली होती. नऊ उपविभाग आहेत: हाताचं काम, काम-धंदा, शरीरप्रतिमा, उष्णता सोसणं वगैरे. एका दुपारी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून मी तिचं भाषांतर तपासत होते आणि एका उपविभागापाशी थांबले. त्याचं नाव आहे ‘उपचारांचा दिनक्रम’. भाजल्यानंतर जी काळजी घ्यावी लागते तिचा किती त्रास होतो, ती किती नकोशी वाटते, अशा अर्थाचे प्रश्न त्यात आहेत. म्हणजे ज्याला उपचार जड जात नाहीत त्याला तिथे चांगले गुण. आणि ज्याला उपचार जड जात नाहीत तोच ते पाळणार! मी पालनाचा संबंध ज्या परिणामाशी लावायला निघाले होते, त्या परिणामाच्या पोटातच पालनाचा एक तुकडा बसलेला होता. सहसंबंध निघाला असता तर मी पेढे वाटले असते. ही चूक मला कुणी दाखवली नाही. कुणाच्या पेपरात तिची चर्चाही मला तोवर दिसली नव्हती. प्रश्नावलीतले प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचले, एवढंच केलं. तुम्ही वापरणार असाल ती प्रश्नावली अशी वाचून पाहिली आहे का?

आता तुम्ही म्हणाल, मग यादृच्छिक चाचणी करा, चिठ्ठ्या टाकून गट पाडा, कटकट मिटेल. झाल्या आहेत. 1995 साली चँग आणि सहकाऱ्यांनी 122 रुग्णांवर अशी चाचणी केली, प्रेशर गारमेंट दिलेले आणि न दिलेले. जखम परिपक्व व्हायला लागणाऱ्या वेळात लक्षणीय फरक आढळला नाही. 2009 मध्ये अँझारुत आणि सहकाऱ्यांनी 6 चाचण्या, एकूण 316 रुग्ण, एकत्र करून पाहिले. व्रणाच्या उंचीत थोडी घट दिसली, एकूण गुणांत ठोस फरक नाही, आणि त्या थोड्या घटीला व्यवहारात किती महत्त्व द्यायचं याबद्दल लेखकांनीच शंका घेतली. काखेच्या भाजण्यानंतर खांद्याला लावायच्या स्प्लिंटची एक ऑस्ट्रेलियन चाचणी 2012 साली आली. व्यायामाच्या जोडीला स्प्लिंट दिला तरी 12 आठवड्यांत खांद्याच्या हालचालीत जास्तीचा फायदा दिसला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धा तास नुसती बसून होते. ज्या जॅकेटवरून मामीला पंधरा वर्षं बोलणी खावी लागली, त्या जॅकेटचा पुरावा इतका लेचापेचा?

पण घाई इथेही नको. यादृच्छिक चाचणीत चिठ्ठी पडते ती कपडा कुणाला द्यायचा याची. कुणी किती घालायचा, याची चिठ्ठी कुणी टाकलेली नसते. कपडा मिळालेल्यांतल्या निम्म्यांनी तो खुंटीला टांगला असेल तर ‘फरक नाही’ या निष्कर्षाचे दोन अर्थ होतात: कपडा कुचकामी आहे, किंवा कपडा घातलाच गेला नाही. मग मोह होतो की ज्यांनी खरोखर घातला तेवढ्यांचीच तुलना करू. तसं केलं की चिठ्ठीने पाडलेले गट मोडतात आणि आपण पुन्हा क्लोफायब्रेटच्या दारात येऊन उभे राहतो. ‘प्रोटोकॉलप्रमाणे विश्लेषण’ या शब्दांमागे हा सापळा आहे. व्हायवात हा प्रश्न येतोच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

या सगळ्या वाचनात एकाच अभ्यासाने मला मनापासून आनंद दिला. सिअॅटलच्या एन्ग्रॅव्ह आणि सहकाऱ्यांचा, 2010 सालचा, 12 वर्षं चाललेला. त्यांनी काय केलं? हाताचा पुढचा भाग भाजलेले, जखम भरायला किमान तीन आठवडे लागलेले रुग्ण घेतले. त्यांना बाही दिली, पण ती अशी शिवली की अर्ध्या भागात नेहमीचा दाब आणि अर्ध्या भागात कमी. वरच्या बाजूला कुठला आणि खाली कुठला, हे यादृच्छिक. झालं! तुलना एकाच माणसाच्या एकाच हातावरच्या एकाच जखमेत. बाही काढून ठेवली तर दोन्ही अर्धे एकदमच उघडे पडतात. गरिबी, घरचा आधार, स्वभाव, आहार, ऊन, सगळं दोन्हीकडे सारखं. माणसामाणसांतल्या पालनाच्या फरकाला तुलनेत शिरायला दारच ठेवलं नाही. निष्कर्ष असा, की नेहमीच्या दाबाखालचा भाग जास्त मऊ, जास्त पातळ आणि दिसायला बरा होता, पण डोळ्यांना जाणवेल असा फायदा मध्यम किंवा गंभीर व्रण असलेल्यांतच.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. हाताची बाही आणि मानेचं-छातीचं जॅकेट यांत फरक आहे. किती तास घातलं तर किती फायदा, हेही अशा रचनेतून सरळ कळत नाही. पण प्रश्नाला शरण जाऊन रचना कशी शोधायची, याचा हा वस्तुपाठ आहे. आपण उलटं करतो. रचना ठरलेली असते, ओपीडीत जाऊन फॉर्म भरून घ्यायचे, आणि प्रश्न तिच्या मापाने कापतो.

याचा अर्थ उपचार पाळण्याला अर्थ नाही, असं मी म्हणतेय का? अजिबात नाही, आणि हे ठळकपणे लिहिते, कारण कुणी भाजलेलं माणूस घरात असताना हे वाचत असेल. डॉक्टर-थेरपिस्टने सांगितलेलं सोडू नका, अडचण असेल तर त्यांना सांगा. ताजा ग्राफ्ट हलवायचा नाही, जखम स्वच्छ ठेवायची, सांधे हलते ठेवायचे, यामागचं शरीरशास्त्र भक्कम आहे. माझी तक्रार ‘पालन’ या गाठोड्याबद्दल आहे. ड्रेसिंग, व्यायाम, स्प्लिंट, कपडा, मालिश, प्रथिनयुक्त आहार, उन्हापासून बचाव, या सात वस्तू एका गाठोड्यात बांधून त्याला 100 पैकी एक आकडा द्यायचा, याला काय अर्थ? प्रत्येकाचा पुरावा वेगळा, जाच वेगळा, खर्च वेगळा. ज्या बाईने व्यायाम सगळे केले आणि कपडा टाकला, आणि जिने कपडा घातला पण हात हलवला नाही, त्या दोघींना 50 गुण. पुढे काय करायचं त्या 50 चं?

आणि सर्वात खटकतं ते शेवटचं वाक्य: सबब समुपदेशन करावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनावर अहवाल काढला. त्यात पालनावर परिणाम करणाऱ्या घटकांचे पाच गट सांगितलेत: सामाजिक-आर्थिक, आरोग्यव्यवस्थेचे, आजाराचे, उपचाराचे आणि रुग्णाचे. रुग्ण पाचातला एक. आपले पेपर हा अहवाल संदर्भ यादीत टाकतात आणि शिफारस मात्र त्या एकालाच करतात. संघटनेच्याच माहितीनुसार भारतात दरवर्षी 10 लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. इतक्या लोकांना समजावून सांगायचं, पण दुसरा कपडा द्यायचा नाही?

उपचाराकडून सुरुवात करणारे लोक आपल्याकडे झालेत, हेही नोंदवते. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं, त्यावरचा त्यांचा पेपर 1985 सालचा. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या ड्रेसिंगचा अभ्यास केला. जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, स्वस्त पडतं. ड्रेसिंग बदलताना जीव जात नसेल तर माणूस पुढच्या तारखेला येईल की नाही? त्या कामांत ‘पालन’ हा शब्द मिरवलेला नाही. पण रुग्ण का पाळत नाही या प्रश्नाचं एक उत्तर त्यांनी रुग्णाला न बदलता, ड्रेसिंग बदलून दिलं, असं मी ते वाचते.

तर माझ्या शीर्षकातून ‘मुळे’ गेलं. सध्या ते आहे: ‘भाजल्यानंतरच्या प्रेशर गारमेंट वापराचं मोजमाप आणि वापर थांबण्याची कारणं’. परिणामाचा शब्दच नाही त्यात. पहिल्यांदा फार छोटं वाटलं. एका सहाध्यायाने विचारलंही, एवढ्यावर पीएच.डी. होते का? मॅडम म्हणाल्या, ‘आधी मोजता तर येऊ दे.’

मोजता येतंय असं अजून म्हणवत नाही. प्राथमिक चाचणीत मी विचारत होते, गेल्या सात दिवसांत रोज सरासरी किती तास घातलं? उत्तरं गोल यायची, वीस, बावीस, तेवीस. चिठ्ठीवर लिहिलेलं तेच. मग प्रश्न बदलला: काल अंघोळीनंतर पुन्हा कधी घातलंत? आणि मधल्या वेळात काय करत होतात? आता लोक खरं सांगतात. एक ताई म्हणाल्या, पाणी येण्याची वेळ होती, मग स्वयंपाक, मग मुलगा शाळेतून आला, मग कपडा ओलाच होता. एका आजोबांनी मलाच विचारलं, झोपेत काढून टाकला असेल तर तो धरायचा का? मी वहीत लिहून घेतलं. त्यासाठी माझ्या कोडिंग शीटमध्ये रकाना नव्हता.

या दिवाळीत गावी गेले तेव्हा हे दोन्ही प्रश्न मामीलाही विचारले, इतक्या वर्षांपूर्वीच्या दिवसांबद्दल. स्मरणावर विसंबलेला डेटा, प्रबंधात जाणार नाही. ती म्हणाली, जॅकेट धुतलं की वाळायला दोन दिवस लागायचे पावसाळ्यात, आणि उन्हाळ्यात ते घालून चुलीपुढे बसलं की आतून फोड यायचे. फोड आलेले तिने दवाखान्यात दाखवले होते का, ते मी विचारलं. हो म्हणाली. केसपेपर तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय. मी तो पुन्हा काढून पहिल्या पानापासून वाचला. फोडांची नोंद कुठे नाही.